रहाट: गाडगं विसरलं, रहाटगाडगं राहिलं

जुन्या यंत्रांच्या शब्दांवरचं हे व्याख्यान माजिवड्यात होतंय, हे एका परीनं योग्यच आहे. बाहेर नाक्यावर मोठे रस्ते एकमेकांना भेटतात, वर उड्डाणपूल आहे, मेट्रोचे खांब आहेत आणि शेजारच्या चौकाचं नाव आहे कापूरबावडी. बावडी म्हणजे विहीर. बसच्या पाटीवर हे नाव रोज हजारो लोक वाचतात, पण वाचताना विहीर कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. वस्तू नजरेआड होते आणि नाव पाटीवर राहतं. आजचा आपला शब्द असाच राहून गेलेला आहे. तो शब्द म्हणजे रहाट.

तुम्ही म्हणाल, हा शब्द आम्हाला ठाऊक आहे. 'संसाराचं रहाटगाडगं', 'ऑफिसचं तेच ते रहाटगाडगं' असं आपण बोलतोच. बरोबर आहे. पण आम्ही हा शब्द समोरच्याला विचारतो तेव्हा बहुतेकांना 'गाडगं' म्हणजे गाडीचा किंवा गाड्याचा काहीतरी प्रकार वाटतो. गाडगं म्हणजे मातीचं लहान मडकं. गाडगेबाबांच्या हातात असायचं तेच. त्यावरूनच लोकांनी त्यांना ते नाव दिलं. तेव्हा रहाटगाडगं म्हणजे रहाटाला बांधलेली मडकी. यात गाडी नाही, रस्ता नाही. आहे ती विहीर आणि तिच्यातून वर येणारं पाणी.

आज तीन गोष्टी बघू. हे यंत्र नेमकं काय होतं, त्याच्या नावाला कोणकोणते अर्थ फुटले, आणि यंत्र विसरून नुसता शब्द वापरत राहिलं की काय निसटतं.

शब्दाची वाट

संस्कृतात शब्द आहे 'अरघट्ट'. त्यातला 'अर' म्हणजे चाकाचा आरा. प्राकृतात त्याचं 'अरहट्ट' झालं आणि पुढे मराठीत 'रहाट', हिंदीत 'रहट', गुजरातीत 'रेंट'. हा बदल मनमानी नाही. सुरुवातीचा 'अ' गळणं आपल्याकडे नेहमीचं आहे. अरण्याचं 'रान' झालं ते असंच. 'घ'चा 'ह' होणंही नेहमीचं. 'लघु'चं आधी 'लहु' झालं, मग अक्षरांची अदलाबदल होऊन 'हळू' झालं. तेव्हा अरघट्टाचा रहाट झाला यात नवल नाही.

याच यंत्राला संस्कृतात आणखी एक नाव आहे, 'घटीयंत्र'. घटी म्हणजे छोटा घट. गंमत अशी की घटीयंत्राचे दोन अर्थ आहेत: पाणी वर काढायचं यंत्र आणि वेळ मोजायचं यंत्र. वेळ मोजायला तळाशी बारीक छिद्र असलेलं भांडं पाण्यावर सोडत. ते भरून बुडालं की एक घटका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटं. लग्नाच्या मुहूर्तासाठी मांडतात ते घटिकापात्र हेच. आपली 'घटका' आणि आपलं 'घड्याळ' याच मडक्याच्या घराण्यातले. म्हणजे एका मडक्यानं आपल्याला पाणीही दिलं आणि वेळही दिली.

यंत्र कसं चालायचं

आता यंत्राकडे येऊ. इथे थोडं लक्ष द्या, कारण पुढचे सगळे अर्थ यातूनच निघतात.

विहिरीच्या तोंडावर एक मोठं लाकडी चाक उभं बसवलेलं असतं. त्याच्यावरून दोरांची एक लांब माळ खाली पाण्यापर्यंत सोडलेली असते. माळेला ठरावीक अंतरानं गाडगी बांधलेली. चाक फिरलं की एका बाजूनं रिकामी गाडगी पालथी खाली जातात, पाण्यात बुडतात, भरतात आणि दुसऱ्या बाजूनं उताणी वर येतात. चाकाच्या माथ्यावरून वळताना ती कलंडतात, आणि पाणी तिथे ठेवलेल्या पन्हळीत पडतं. पन्हळीतून पाटात, पाटातून वाफ्यात.

हे चाक फिरवायचं कुणी? याचे दोन मार्ग. लहान रहाट माणूस हातापायांनी फिरवी. कोकणात त्याला 'पायरहाट' म्हणत. मोठ्या रहाटाला बैल किंवा रेडा. पण इथे एक अडचण येते. बैल जमिनीवर गोल फिरणार, म्हणजे त्याची फेरी आडवी. विहिरीवरचं चाक तर उभं. आडवी फेरी उभी करायची कशी? त्यासाठी दात्यांची दोन लाकडी चाकं. एक आडवं, ते बैल फिरवतो. दुसरं उभं, ते विहिरीवरच्या चाकाच्या आसावर. एकाचे दाते दुसऱ्याच्या दात्यांत अडकतात आणि आडव्या फेरीची उभी फेरी होते. आजही मोटारीच्या मागच्या चाकांना जोर पोचवताना फिरण्याची दिशा काटकोनात वळवावी लागते, आणि ते काम दातेच करतात. मूळ कल्पना तीच.

आता एक बारकी गोष्ट. बैल मध्येच थांबला तर काय होईल? एका बाजूला भरलेली गाडगी आहेत, दुसऱ्या बाजूला रिकामी. भरलेली बाजू जड, म्हणून चाक उलटं धावेल, माळ खाली कोसळेल आणि जनावरालाही इजा होईल. हे टाळायला दात्यांवर एक लाकडी खुंटी टेकवून ठेवत. चाक पुढे जाताना ती एकेका दात्यावरून टक टक करत उडते, पण मागे जाऊ देत नाही. पंजाबात या खुंटीला 'कुत्ता' म्हणतात. राखण करणारा तो कुत्रा! रहाटाचा ठेका दुरून ऐकू यायचा तो मुख्यतः तिचा.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वजनाची. आपण विहिरीतून घागर शेंदतो तेव्हा पाण्याचं वजन उचलतो आणि घागरीचंही. रहाटात गाडग्यांचं वजन उचलावं लागत नाही. का? कारण जितकी गाडगी वर येतात तितकीच खाली जात असतात. मातीचा भार मातीनंच तोललेला असतो. उचलायचं उरतं ते फक्त पाणी. आपण आकडे धरून बघू. विहीर ५ मीटर, दर ४० सेंटीमीटरला एक गाडगं, प्रत्येकात ३ लिटर पाणी. म्हणजे कोणत्याही क्षणी वर येणारी साधारण १२ गाडगी भरलेली, आणि बैलावर भार ३६ किलो पाण्याचा. गाडगी प्रत्येकी दीड किलोची असली तर तो १८ किलोंचा भार पलीकडच्या १२ रिकाम्या गाडग्यांनी उचललेला.

हे लक्षात ठेवा. खाली जाणारं रिकामं गाडगं फुकट जात नाही. वर येणाऱ्याचा भार तेच पेलत असतं.

शब्द एक, यंत्रं अनेक

आता प्रश्न येतो: हे यंत्र किती जुनं? इंग्रजांनी त्याला 'पर्शियन व्हील' म्हटलं, म्हणजे इराणी चाक. आपला शब्द तर संस्कृतातून आलेला. मग खरं काय?

इतिहासकार इरफान हबीब यांनी १९६९ साली भारतीय इतिहास परिषदेत तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या तंत्रबदलांवर भाषण केलं. त्यात हा प्रश्न त्यांनी नीट सोडवून मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, चाकाच्या कडेलाच गाडगी बांधलेली, म्हणजे पाणी अगदी जवळ असेल तरच उपयोगाची. दुसरी, गाडग्यांची लांब माळ, जी खोल विहिरीत पोचते. तिसरी, दात्यांची चाकं, ज्यांमुळे जनावर जोडता येतं. पहिल्या दोन भारतात जुन्या काळापासून दिसतात. दात्यांची जोडी मात्र त्यांच्या मते पश्चिमेकडून, तुर्की राजवटींच्या काळात आली. यावर वाद झाले, पण तिन्ही गोष्टी वेगळ्या काढून बघायच्या, ही शिस्त सर्वांच्या कामाची ठरली.

माळेच्या जुनेपणाचा एक मजेदार साक्षीदार आहे: बेडूक. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात गंगदत्त नावाचा बेडकांचा राजा आहे. भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून तो विहिरीतून बाहेर पडतो. कसा? अरघट्टाच्या गाडग्यात बसून वर येतो. पुढे तो सूड घ्यायला सापालाच विहिरीत घेऊन येतो आणि कुळाचा नाश ओढवतो, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. आपल्याला हवी आहे ती त्याची वाट. गाडगी नुसती चाकाच्या कडेला असती तर विहिरीच्या तळाशी बसलेल्या बेडकाला ती सापडली कशी असती? म्हणजे कथाकाराच्या नजरेसमोर खाली पाण्यात उतरणारी माळ असली पाहिजे.

दात्यांचा चांगला साक्षीदार बाबर. १५२६ नंतर त्यानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानचं वर्णन लिहिलं. लाहोर, दिपालपूर, सरहिंद या भागांत लोक चाकानं पाणी काढतात, असं सांगून त्यानं दोरांची माळ, तिला बांधलेली मडकी, आसावरचं दुसरं चाक, त्याच्या शेजारचं बैलानं फिरवायचं तिसरं चाक आणि दोघांचे अडकणारे दाते असं सगळं नोंदवलं आहे. आग्र्याकडे मात्र लोक चामड्याच्या मोठ्या बादलीनं पाणी ओढतात, हेही त्यानं टिपलं. मोट आणि रहाट यांच्यातला फरक त्याच्या डोळ्यांत भरला होता.

यातून आपण काय घ्यायचं? शब्दाचं वय म्हणजे यंत्राचं वय नव्हे. राजस्थानातल्या मध्ययुगीन दानलेखांत विहिरी दान देताना 'अरघट्ट' हा शब्द येतो. तो वाचून लगेच बैल आणि दाते डोळ्यांसमोर आणले तर चूक होऊ शकते. शब्द तोच राहतो, त्याच्याखालची वस्तू बदलत जाते. जुना शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: त्या वेळी या नावाखाली नेमकं काय उभं होतं?

विहिरीपासून दूर गेलेले अर्थ

रहाट विहिरीपुरता राहिला नाही. जे जे गरगर फिरतं आणि काहीतरी ओढून आणतं, त्याला लोकांनी हे नाव दिलं.

पहिला अर्थ विहिरीजवळचाच. कोकणातल्या घरगुती विहिरीवर दोर सरकायला जे लाकडी चाक असतं, त्यालाही रहाटच म्हणतात. त्यात माळ नाही, दाते नाहीत, एकच दोर आणि एकच कळशी. 'रहाटावर पाणी शेंदणे' म्हणजे एवढंच. जुन्या कोकणी घरांच्या आठवणींत रहाट आला की आधी हे विचारून घ्यावं: बागेचा की घरचा?

दुसरा अर्थ सूत कातायच्या चरख्याचा. एक मोठं चाक, त्याच्यावरून फिरणारी दोरी आणि तिच्यामुळे गरगरणारी चाती. ही चाकावरची दोरी बघून लोकांना रहाटाची माळ आठवली. मराठीत चरख्याला 'रहाट' म्हणत, आणि गुजरातीत तर चरख्याचं रोजचं नावच 'रेंटियो' आहे. गांधीजींची जयंती तिथीप्रमाणे 'रेंटिया बारस' म्हणून साजरी होते ती त्यामुळेच. आता कालक्रम बघा. चरख्याचा आपल्याकडचा एक सुरुवातीचा स्पष्ट उल्लेख इसामी या कवीच्या फारसी ग्रंथात आहे, १३५० सालचा. हा इसामी दिल्लीहून आपल्या दौलताबादला येऊन राहिलेला. म्हणजे चरखा नंतरचा आणि अरघट्ट कितीतरी आधीचा. नव्या यंत्राला जुन्या यंत्राचं नाव मिळालं. 'चरखा' हे फारसी नाव सोबत आलंच होतं, तरी घराघरांत जुनं नाव चिकटलं.

तिसरा अर्थ जत्रेतला: रहाटपाळणा. चाकाच्या कडेला गाडग्यांऐवजी पाळणे आणि पाण्याऐवजी मुलं. अमेरिकेत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात १८९३ साली फेरिस नावाच्या अभियंत्यानं सुमारे ८० मीटर उंचीचं पोलादी चाक उभारलं आणि इंग्रजीत त्याला त्याचंच नाव पडलं. मराठीला कुणा अभियंत्याच्या नावाची गरज पडली नाही. आपल्याकडे शब्द तयार होता, आणि तो ऐकताच वस्तू कशी आहे ते कळतं.

एका शब्दाबद्दल मात्र सावध करतो. 'जगरहाटी' ऐकलं की आपल्याला जगाचं चाक दिसतं. पण 'रहाटी' हा शब्द 'राहाटणे' या जुन्या क्रियापदाचा. राहाटणे म्हणजे वागणे, वावरणे. जगरहाटी म्हणजे जगाची वागायची रीत. कानाला चाक ऐकू येतं म्हणून शब्दाला एक छटा चढली आहे, पण सरळ अर्थ रीतीचाच.

म्हणीतला रहाट

आता पुन्हा रहाटगाडग्याकडे. आज आपण हा शब्द कंटाळ्यासाठी वापरतो. उठा, डबा करा, लोकल पकडा, परत या, झोपा. तेच ते.

जुन्या साहित्यात हा अर्थ असा नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचा शेवट बघा. देवलांच्या संगीत नाटकामुळे ही कथा मराठी प्रेक्षकांच्या ओळखीची आहे. चारुदत्त वधस्तंभापर्यंत जाऊन परत आलेला आहे. श्रीमंत होता, दरिद्री झाला, खुनाचा आरोप आला, आणि आता सगळं पुन्हा पालटलं. शेवटी तो दैवाला रहाटाच्या गाडग्यांची उपमा देतो. दैव कुणाला रितं करतं, कुणाला भरतं, कुणाला वर नेतं, कुणाला खाली. संस्कृतात याला 'कूपयंत्रघटिकान्याय' असं नावच पडलं.

बघा, फरक किती मोठा आहे! चारुदत्ताच्या रहाटात बदल आहे. आज रितं असलेलं उद्या भरेल. आपल्या रहाटगाडग्यात बदलच नाही. यंत्र एकच, मग अर्थ उलटे कसे झाले?

आमच्या मते उत्तर बघणाऱ्याच्या जागेत आहे. चारुदत्त गाडग्याच्या जागी उभा राहून बघतो. गाडग्याला भरणं आणि रितं होणं कळतं. आपण बैलाच्या जागी उभे आहोत. बैलाच्या डोळ्यांना झापडं बांधलेली असतात आणि त्याला फक्त गोल वाट कळते. विहीर, पाणी, बाग यांतलं काही त्याला दिसत नाही. ज्यानं रहाट कधी बघितला नाही त्याच्या वाट्याला या यंत्रातलं नेमकं हेच उरतं, नुसतं फिरणं.

तिसरी जागा आहे पाटाजवळ वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाची. त्याला फेऱ्या मोजायच्या नसतात. शेवटचा वाफा भिजला का, एवढंच त्याला बघायचं असतं. ज्या लोकांनी हा शब्द रोज वापरला ते या तिसऱ्या जागी उभे होते. त्यांच्यासाठी रहाट थांबणं हे संकट होतं, चालू असणं नव्हे.

वसईच्या वाड्या आणि गोडं पाणी

आता ही माणसं कुठे होती ते बघू. देशावर विहिरी खोल, तिथे मोट. कोकण किनाऱ्यावर पाणी वर, तिथे रहाट. आपल्या जवळचं ठळक उदाहरण वसईचं. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. केळी, पानवेली, फुलं, भाजीपाला पिकवणाऱ्या वसईच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत. तिथे विहिरींबरोबर 'बावखलं' होती. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, आणि त्याच्यावर बसवलेल्या रहाटानं बाग भिजे.

हे सगळं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मग पाणी गोडं कसं? याचं उत्तर साधं आणि नाजूक आहे. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. समुद्राचं एक लिटर पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण २५ ग्रॅम जड. म्हणून किनाऱ्याच्या वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. घायबन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी याचा हिशोब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकू शकतं. ऐकायला छान वाटतं. पण हाच हिशोब उलटा वाचा. उपसून उपसून वरची पातळी १ मीटरनं कायमची खाली गेली, तर खालून खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर सरकू शकतं. आणि एकाच जागी जोरात उपसा केला तर तिथे ते आधी वर येतं.

आता रहाटाचा वेग बघू. मघाचाच रहाट, ३ लिटरचं गाडगं, दर २ सेकंदांना एक रितं होतं असं धरा. तासाला ५,४०० लिटर. बैलाला तीन-चार तासांनी सोडावंच लागतं. चार तासांचे झाले २१,६०० लिटर. मग रात्रभर विहीर पुन्हा भरते. आता विजेचा पंप घ्या, ताशी १५ हजार लिटरचा. तो दमत नाही. चोवीस तास चालवला तर ३ लाख ६० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ३६ टँकर. आणि वीज किती स्वस्त! ५ मीटरवरून एक हजार लिटर पाणी उचलायला लागणारी निव्वळ ऊर्जा म्हणजे एका युनिटचा सुमारे सत्तरावा भाग. बैलाचा जोर अर्धा अश्वशक्ती धरला तर एक युनिट म्हणजे बैलाचे जवळजवळ पावणेतीन तास.

तेव्हा रहाट गेला यात कुणाचा दोष नाही. ज्यांनी पायरहाट मारला आहे ते पंप आला त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकतील. आम्ही इथे जुन्या कष्टांचं कौतुक करायला उभे नाही. पण एक फरक नोंदवायलाच हवा. रहाटाला मर्यादा होती, आणि ती मर्यादा बैलाच्या पायांत होती, मालकाच्या विचारात नव्हे. कुणी ठरवून पाणी जपत नव्हतं. यंत्रच तेवढं पाणी काढू शकत होतं. पंपानं ती मर्यादा काढली आणि तिच्या जागी दुसरी कुणी बसवली नाही. वसईच्या वाड्यांमधलं पाणी टँकरनं शहराकडे जाऊ लागलं, बावखलं बुजू लागली, विहिरी खारट व्हायला लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तिच्यामागे पाण्याचा हा प्रश्न होता.

इथे आपल्या शब्दाची एक गोष्ट लक्षात येते. कडेच्या गाडग्यांपासून माळेपर्यंत, माळेपासून दात्यांपर्यंत, विहिरीपासून चरख्यापर्यंत आणि जत्रेतल्या पाळण्यापर्यंत प्रत्येक नव्या यंत्रानं 'रहाट' हे नाव घेतलं. पंपानं मात्र घेतलं नाही. पंप पंपच राहिला. त्याच्यात चाक दिसत नाही, गाडगं दिसत नाही, आणि पाणी किती खोलून, किती वेगानं येतंय तेही दिसत नाही. रहाटाजवळ उभं राहिलं की गाडगं अर्धंच भरून आलेलं दिसायचं. विहिरीनं तळ गाठला हे त्या दिवशीच कळायचं. आज घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांना टँकर नवा नाही. पण तो कुठल्या विहिरीतून भरून आला आणि ती विहीर किती उरली आहे, हे सांगणारं अर्धं गाडगं आपल्यासमोर नाही.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: मोट आणि रहाट यांत नेमका फरक काय? आमच्या गावी मोट होती.

उत्तर: मोट म्हणजे चामड्याची किंवा पत्र्याची मोठी पिशवीसारखी बादली, तिला सोंड. बैल उतरत्या धावेवरून सरळ चालत जातात, मोट वर येते, थारोळ्यात ओतली जाते, मग बैल मागे सरकतात आणि मोट पुन्हा खाली जाते. म्हणजे एक खेप भरलेली, एक रिकामी. रिकाम्या खेपेला पाणी येत नाही. रहाटात धार जवळजवळ अखंड, कारण रिकामं खाली जाणं आणि भरलेलं वर येणं एकाच वेळी चालतं. विहीर जितकी खोल तितकी माळ लांब, जड आणि तुटायला सोपी. म्हणून खोल विहिरींच्या देशावर मोट टिकली.

प्रश्न: मग आम्ही कंटाळ्यासाठी 'रहाटगाडगं' म्हणायचं नाही का?

उत्तर: खुशाल म्हणा. शब्दाचा अर्थ वापरणाऱ्यांनी ठरतो, व्याख्यानानं नाही. फक्त पुढच्या वेळी घरातल्या कुणाच्या कामाला रहाटगाडगं म्हणाल तेव्हा दोन गोष्टी आठवा. एक, या फेऱ्यांच्या शेवटी कुठला तरी वाफा भिजतो आहे. दोन, रिकामं खाली जाणारं गाडगं दुसऱ्याचा भार पेलतं आहे. मग तो शब्द तक्रारीचा राहील, पण तुच्छतेचा राहणार नाही.

प्रश्न: हे शब्द जपायला आम्ही काय करू शकतो?

उत्तर: रहाट स्वतः चालवलेली माणसं आता फार वृद्ध आहेत. वसई, अलिबाग, रत्नागिरीकडे तुमचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांना नुसतं 'रहाट म्हणजे काय' असं विचारू नका. ते म्हणतील, 'पाणी काढायचा', आणि विषय संपेल. बारीक प्रश्न विचारा. गाडगी कुठल्या कुंभाराकडून यायची, फुटलं तर किती वेळ रहाट थांबायचा, मातीच्या जागी पत्र्याचे डबे कधी आले, दात्यांना कुठलं लाकूड, मागे न फिरू देणाऱ्या खुंटीला तुमच्यात काय म्हणत, सामाईक विहिरीवर कुणाची पाळी कधी. एकेका भागाला गावोगावी वेगळं नाव असतं. ते नाव, ते गाव आणि सांगणाऱ्याचं साधारण वय, एवढं वहीत लिहून ठेवलंत तरी कोश करणाऱ्यांना पुरेल. आणि जाता जाता एक प्रश्न जरूर विचारा: तेव्हा त्या विहिरीचं पाणी चवीला कसं होतं, आणि आता कसं आहे?